एकपेशीय जीवाला ‘नको’ कसे कळते?



पालघरहून लोकलने निघालो, उमरोळी गेले, आणि बोईसरला उतरताच तो वास आला. तुम्हाला ठाऊक आहे कोणता. गोडसर, घशाला किंचित चरचरणारा. रिक्षात बसल्यावर आम्ही रिक्षावाल्याला विचारले, “आज वास जरा जास्त आहे का हो?” तो मागे वळून म्हणाला, “कसला वास, काका?” चेष्टा करत नव्हता बिचारा. त्याला खरोखरच येत नव्हता. आणि खरे सांगायचे तर या सभागृहात येऊन आम्हाला अर्धा तास झाला, आता आम्हालाही येत नाही.

आजचा विषय संयोजकांनी ठरवला तेव्हा हा प्रसंग घडायचा होता, पण विषय नेमका तोच निघाला. ज्यांना नाक नाही, मेंदू नाही, मज्जातंतूही नाहीत, अंगात एकच पेशी आहे, असे जीव नकोशा रसायनापासून दूर कसे जातात? तत्त्वज्ञानाच्या मास्तराने यात का पडावे, असे काहींना वाटेल. आम्ही आयुष्यभर वर्गात ‘जाणणे म्हणजे काय’ हा प्रश्न शिकवला, आणि फळ्यावर उदाहरणे मात्र नेहमी माणसाचीच घेतली. दोरी आणि साप, शिंपला आणि चांदी. निवृत्त झाल्यावर जीवशास्त्र वाचायला लागलो तेव्हा कळले की हा प्रश्न विचारायला फार खालून सुरुवात करता येते.

तर सुरुवात पेंढ्यापासून करू. हा भाताचा जिल्हा, पेंढा कुणाच्याही पडवीत मिळेल. तळ्याच्या पाण्यात मूठभर पेंढा आठ-दहा दिवस भिजत ठेवा. पाणी गढूळ होईल, कुबट वास येईल. त्यातला एक थेंब काचपट्टीवर घेऊन शाळेतल्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. चपलेच्या तळव्याच्या आकाराचे जीव इकडून तिकडे पळताना दिसण्याची बरीच शक्यता असते. तो पॅरामीशियम. लांबी साधारण पाव मिलिमीटर, म्हणजे नजर चांगली असेल तर नुसत्या डोळ्यांनाही पांढरा ठिपका दिसतो. अंगभर बारीक केसांसारख्या पक्ष्माभिका, त्या वल्ह्यांसारख्या मारत तो पोहतो. आता थेंबाच्या कडेला मिठाचा एक कण टाका आणि बघत बसा.

मीठ विरघळत आत पसरू लागते. पॅरामीशियम सरळ त्या बाजूला जातो, मिठाच्या सीमेशी येतो, आणि थबकतो. मग चक्क रिव्हर्स घेतो. थोडा मागे येतो, तोंड जरा वळवतो, पुन्हा पुढे जातो. पुन्हा मीठ लागले तर पुन्हा मागे, पुन्हा थोडा वळून पुढे. असे करता करता कधीतरी तोंड मोकळ्या पाण्याकडे होते आणि स्वारी निघून जाते. अरुंद गल्लीत गाडी फिरवणारा नवशिका ड्रायव्हर आठवावा.

अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ हर्बर्ट स्पेन्सर जेनिंग्ज यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे वर्तन बारकाईने नोंदवले, आणि १९०६ साली क्षुद्र जीवांच्या वर्तनावर ग्रंथ लिहिला. त्या काळी जाक लोब या मोठ्या शास्त्रज्ञाचे मत चालत होते. लोब म्हणत, असे जीव म्हणजे यंत्रे. एका बाजूने उद्दीपन आले की त्या बाजूचे अवयव वेगळे चालतात आणि शरीर आपोआप त्या दिशेला किंवा विरुद्ध दिशेला वळते, होकायंत्राची सुई वळावी तसे. जेनिंग्जनी दाखवले की पॅरामीशियमच्या बाबतीत तसे होत नाही. मीठ कुठल्या बाजूला आहे हे त्याला कळतच नाही. तो प्रत्येक वेळी ठरलेल्या एकाच कुशीकडे वळतो, मग मीठ डावीकडे असो की उजवीकडे. करून पाहायचे, नाही जमले तर पुन्हा करायचे.

इथे जेनिंग्जचा एक प्रयोग आमच्या विशेष आवडीचा आहे. त्यांनी पाण्यात अगदी सौम्य आम्लाचा थेंब सोडला. थोड्या वेळाने पाहावे तर त्या थेंबात पॅरामीशियमांची गर्दी. कुणीही म्हणेल, आम्लाने त्यांना ओढून घेतले. पण एकेकावर नजर ठेवली तेव्हा कळले, आत जाताना ते काहीच करत नव्हते. पोहता पोहता सहज आत शिरत होते. बाहेर पडताना मात्र, आतून सीमेवर आले की, रिव्हर्स! म्हणजे आकर्षण वाटले ते प्रत्यक्षात बाहेरच्या पाण्याला दिलेले ‘नको’ होते. बाहेरून पाहणाऱ्याला जे ‘हवे’ दिसते ते आतून दोन-चार ‘नको’ मिळून झालेले असू शकते. माणसांच्या बाबतीत याची उदाहरणे तुम्हीच शोधा, आम्ही पुढे जातो.

रिव्हर्स कसा पडतो, हे कळायला पुढे साठ-सत्तर वर्षे गेली. थोडक्यात असे: पेशीच्या आत आणि बाहेर विजेच्या दाबात फरक असतो. नकोसे काही लागले की तो फरक कमी होतो, पक्ष्माभिकांच्या आवरणातली कॅल्शियमची दारे उघडतात, कॅल्शियम आत घुसते, आणि वल्ही उलटी चालू लागतात. पेशी ते कॅल्शियम बाहेर फेकते, वल्ही पुन्हा सुलटी. चिंग कुंग या शास्त्रज्ञाने १९७१ च्या सुमारास असे पॅरामीशियम शोधले ज्यांच्यात जनुकीय दोषामुळे हे दारच उघडत नाही. इतर ज्या द्रावणातून मागे फिरतात त्यातही हे सरळ पुढे जातात, कारण मागे येणे त्यांना शक्यच नाही. त्यांचे नाव काय ठेवले असेल? बुद्धिबळातले प्यादे!

आता पॅरामीशियम सोडून त्याहून फार लहान जीवाकडे जाऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. ई. कोलाय हा जीवाणू आपल्या प्रत्येकाच्या आतड्यात आहे. लांबी मिलिमीटरचा पाचशेवा भाग. त्याला चार-सहा लांब शेपट्या असतात, त्यांना कशाभिका म्हणतात. प्रत्येक कशाभिकेच्या मुळाशी खरोखरची फिरणारी मोटर असते, सेकंदाला शंभरच्या आसपास फेरे घेणारी. मोटरी डावीकडे फिरल्या, म्हणजे घड्याळाच्या उलट, की सगळ्या कशाभिकांची एक वेणी होते आणि जीवाणू सरळ पळतो. एखादी मोटर उजवीकडे फिरली की वेणी सुटते आणि जीवाणू जागच्या जागी गडबडतो, कोलांटी खातो. पुन्हा वेणी बांधली जाते, पण तोवर तोंड भलतीकडेच झालेले असते. हॉवर्ड बर्ग यांनी एका पोहत्या जीवाणूचा आपोआप पाठलाग करणारा सूक्ष्मदर्शक तयार केला आणि १९७२ मध्ये त्यावरची मोजमापे प्रसिद्ध केली. सरळ धाव साधारण एक सेकंदाची, कोलांटी एक दशांश सेकंदाची. धाव, कोलांटी, धाव, कोलांटी. जन्मभर हेच.

या जीवाणूला रिव्हर्स नाही. स्टिअरिंगही नाही. मग नकोशा रसायनापासून तो दूर कसा जाणार?

एवढेच करतो: परिस्थिती बिघडत चालली की लवकर कोलांटी घेतो, सुधारत चालली की कोलांटी लांबवतो. बस्स. नवी दिशा कोणती येईल ते नशिबावर. पण वाईटाकडे नेणारी धाव आखूड आणि चांगल्याकडे नेणारी लांब, असे शेकडो वेळा झाले की हिशेब आपोआप चांगल्याच्या बाजूने झुकतो. दारू प्यालेला माणूस वाटेल तिकडे पावले टाकत असेल, पण घराच्या दिशेने पडलेले पाऊल जरा लांब पडत असेल, तर पहाटेपर्यंत तो घरी पोचतो. (हशा) हसू नका, गणित खरे आहे.

पुस्तकांत अशा रसायनांना ‘प्रतिकर्षक’ म्हणतात, दूर लोटणारे. शब्द दिशाभूल करणारा आहे. रसायन कुणालाच लोटत नाही. ते तिथे नुसते असते.

आता मुख्य प्रश्न. ‘परिस्थिती बिघडत चालली’ हे त्याला कळते कसे? आपण म्हणू, डोक्याकडे रसायन जास्त आणि शेपटीकडे कमी, असे तो ताडून पाहत असेल. पण इतक्याशा लांबीत तो फरक किती असणार? नगण्य. दुसरी शक्यता अशी की तो आत्ताच्या क्षणाची तुलना मागच्या क्षणाशी करतो. १९७२ मध्येच रॉबर्ट मॅकनॅब आणि डॅनियल कोशलँड यांनी याचा निकाल लावला. त्यांनी साल्मोनेला हा ई. कोलायचा भाऊबंद घेतला, आणि त्याच्या द्रावणात दुसरे द्रावण क्षणार्धात एकजीव मिसळले. मिसळल्यावर सगळीकडे संहती सारखीच. डोक्याकडे जास्त, शेपटीकडे कमी असे काही उरलेच नाही. तरीही जीवाणूंनी प्रतिसाद दिला! आवडीचा पदार्थ एकदम कमी केला तर सगळे कोलांट्या खाऊ लागले. एकदम वाढवला तर कोलांटी विसरून सरळ पळत सुटले. पुढच्याच वर्षी त्याच गटाने प्रतिकर्षकांचेही असेच आहे हे दाखवले, फक्त चिन्ह उलटे: नकोसा पदार्थ वाढवला की कोलांट्या, कमी केला की सरळ धाव. जागेतला फरक नसतानाही प्रतिसाद आला, म्हणजे तो काळातल्या फरकाला होता. जीवाणूला मागचे काहीतरी ‘आठवत’ होते.

आणि थोड्या वेळाने काय झाले? सगळे पूर्ववत. द्रावण बदललेले नाही, नकोसा पदार्थ आहे तितकाच आहे, आणि जीवाणू पुन्हा आपले धाव, कोलांटी, धाव, कोलांटी. जणू काही झालेच नाही.

“कसला वास, काका?”

ही आठवण कुठे ठेवलेली असते, ते जरा सावकाश पाहू, कारण इथे विज्ञानाने फारच सुंदर काम केले आहे. जीवाणूच्या आवरणात ग्राही प्रथिने असतात, हजारोंच्या संख्येने. त्यांचे एक टोक बाहेर, एक आत. ई. कोलायमध्ये त्यांचे पाच प्रकार आहेत आणि त्यातल्या एकाचे नाव ‘टार’. तारापूरशी काही संबंध नाही, इंग्रजी आद्याक्षरे आहेत. पण योगायोग असा की हा टार दोन धातूंना नको म्हणतो, निकेल आणि कोबाल्ट. आणि निकेलचा मुलामा देणाऱ्या कारखान्यांचे सांडपाणी काय असते हे इथल्या लोकांना सांगायला नको. दुसरा ग्राही ‘टीएसआर’. तो सेरिनकडे जायला सांगतो आणि इंडोल, ल्युसीन, ॲसिटिक किंवा बेन्झॉइकसारखी सौम्य आम्ले यांच्यापासून दूर जायला.

प्रतिकर्षक आला की ग्राहीच्या आतल्या टोकाशी बसलेले एक विकर चाळवते आणि ‘की-वाय’ नावाच्या छोट्या प्रथिनावर फॉस्फेट चिकटवते. फॉस्फेट लागलेले की-वाय पेशीत पसरत मोटरीपर्यंत जाते आणि तिला उलट फिरायला लावते. कोलांटी. दुसरे एक विकर ते फॉस्फेट सतत काढत असते, त्यामुळे निरोप शिळा होत नाही. हा झाला तातडीचा निरोप, सेकंदाच्या अंशात पोचणारा.

याच वेळी दुसरे काम सुरू होते, सावकाश. ग्राहीच्या आतल्या भागावर काही ठरावीक जागा असतात, तिथे मिथिल गट लावता येतात आणि काढता येतात. एक विकर लावते, एक काढते. मिथिल जास्त असले तर ग्राही जास्त आरडाओरड करतो, कमी असले तर शांत राहतो. प्रतिकर्षकामुळे आरडाओरड वाढली की तीच आरडाओरड मिथिल काढणाऱ्या विकराला जागे करते. हळूहळू मिथिल कमी होतात आणि ग्राही पूर्वीच्या पातळीला येऊन गप्प होतो. बाहेर रसायन चिकटलेलेच आहे! पण आता ते जमेस धरलेले आहे. काही सेकंदांपूर्वी बाहेर काय होते, याची नोंद म्हणजे हे मिथिल गट. ग्राही आत्ताचे सांगतो, मिथिल मघाचे सांगतात, आणि दोहोंतला फरक मोटरीकडे जातो.

दुकानातला तराजू घ्या. आधी भांडे ठेवून काटा शून्यावर आणतात, मग त्यात तेल ओततात. भांड्याचे वजन नाहीसे झालेले नसते, वजा केलेले असते. जीवाणू दर काही सेकंदांनी असा काटा शून्यावर आणतो. तसे केले नाही तर? पहिल्या नकोशा थेंबालाच ग्राही ओरडत सुटेल, ओरडतच राहील, आणि पुढे ती जागा आणखी वाईट झाली की बरी, हे कळायला मार्गच उरणार नाही. म्हणजे सवय होणे हा त्याचा दोष नाही. सवय होते म्हणूनच त्याला पुढचा बदल कळतो. आमच्या मते हा सगळ्या विषयातला सर्वात महत्त्वाचा मुद्दा आहे, आणि सर्वात धोक्याचाही.

धोका काय, ते पाहा. तुमच्या वसाहतीतल्या कारखान्यांचे पाणी सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रात जाते. अशा केंद्रांत मोठाल्या एरेशन टँक असतात. तिथे हवा सोडून पाणी सतत घुसळतात, आणि त्यातला गाळ म्हणजे अब्जावधी जीवाणू. पाण्यातली घाण खाण्याचे काम तेच करतात. त्यांच्यावर जगणारे पक्ष्माभिकावाले जीवही त्यात असतात. व्हॉर्टिसेला नावाचा, देठावर बसलेल्या घंटेसारखा दिसणारा जीव गाळात भरपूर दिसला की टाकी ठीक चालली आहे असे जाणकार ऑपरेटर समजतो. धक्का बसला की हा व्हॉर्टिसेला देठाची स्प्रिंग करून आखडतो. त्याचे पळणे एवढेच.

आता समजा एखाद्या रात्री कुठूनतरी जहाल पाणी आले. तळ्यात असते तर ते एका कडेने शिरले असते, इकडे जास्त तिकडे कमी असा उतार तयार झाला असता आणि ज्यांना पोहता येते ते दूर गेले असते. टाकीत सगळे घुसळलेले. मॅकनॅब आणि कोशलँड यांच्या काचेच्या नळीसारखेच, फक्त आकाराने मोठे. जे पोहणारे असतील ते कोलांट्या घेतील, पण कोलांटी घेऊन जाणार कुठे? नवी दिशाही तितकीच वाईट. थोड्या वेळाने मिथिल जमेस धरले जातील आणि ते शांत पोहू लागतील. रसायन मारक असेल तर शांतपणेच मरतील. पळून जाण्याची सगळी यंत्रणा शाबूत असते, पण कुठेतरी थोडे कमी आहे अशी जागाच नसेल तर ती निरुपयोगी आहे.

दुसरा धोका याहून खोल आहे. आम्ही वर्गात ‘आवश्यक अट’ आणि ‘पुरेशी अट’ यांतला फरक शिकवताना घसा कोरडा करायचो. जीवाणूंच्या या शास्त्राचे आधुनिक जनक ज्युलियस ॲडलर यांनी, साठच्या दशकापासून, नेमका हाच प्रश्न प्रयोगाने विचारला. हानिकारक असणे ही प्रतिकर्षक असण्याची अट आहे का? १९७४ मध्ये त्यांनी आणि वुंग-वाय त्सो यांनी ई. कोलायला कोणकोणते पदार्थ नकोसे होतात याची पद्धतशीर तपासणी प्रसिद्ध केली. निघाले असे की हानी ही आवश्यक अट नाही आणि पुरेशीही नाही. कितीतरी पदार्थांपासून जीवाणू पळतो, जे त्या प्रमाणात त्याला काहीच करत नाहीत. ल्युसीन तर प्रथिनांचा घटक आहे, तो त्याला स्वतःच्या शरीरात लागतो, तरी पळतो. आणि असेही घातक पदार्थ आहेत की ज्यांच्याकडे तो ढुंकूनही पाहत नाही, कारण त्यांना ओळखणारा ग्राहीच नाही. जीवाणूला विष कळत नाही. त्याला काही ठरावीक खुणा कळतात, ज्या त्याच्या पूर्वजांच्या जगात बहुधा वाईट जागेच्या खुणा होत्या. परवा प्रयोगशाळेत जन्मलेले रसायन त्या यादीत कुठून येणार?

आपले नाकही याच जातीचे आहे. यंत्रणा वेगळी आहे, हे स्पष्ट सांगतो. आपल्या नाकात मिथिलचा हिशेब नाही, तिथे कॅल्शियम आणि मेंदू मिळून सवय लावतात. पण धोरण तेच. बदल सांगायचा, स्थिर असेल ते वजा करायचे, आणि यादीत नसलेल्याबद्दल गप्प बसायचे. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही. किरणोत्साराला वास नाही. तारापूरची अणुभट्टी १९६९ मध्ये वीज देऊ लागली आणि तिथे पहिल्या दिवसापासून मोजणारी यंत्रे आहेत, कारण तिथे नाकावर विसंबता येत नाही हे सगळ्यांना मान्य होते. वास येणाऱ्या कारखान्यांच्या बाबतीत मात्र आपण नाकालाच मोजमाप समजतो.

हायड्रोजन सल्फाइडचे उदाहरण इथे बसलेल्या तरुणांनी लक्षात ठेवावे, तुमच्यातले पुष्कळजण कारखान्यांत जाता. सडक्या अंड्यांचा वास येतो तो वायू. हवेच्या दहा लाख भागांत एक भागही नसताना नाक तो पकडते, इतके ते त्याबाबतीत तल्लख. पण प्रमाण शंभर भागांच्या आसपास गेले की काही मिनिटांत वासाची जाणीवच बधिर होते. टाकीत उतरणाऱ्याला वाटते, वास गेला, म्हणजे वायू गेला. वायू तिथेच असतो, आणि त्याहून वरच्या प्रमाणात तो जीव घेतो. म्हणून मीटर लावल्याशिवाय टाकीत पाऊल टाकू नये. मुकादम म्हणाला तरी नाही.

व्याख्यानाच्या आधी एका ओळखीच्या मच्छीमार गृहस्थांशी बोलत होतो. ते म्हणाले, “सर, मासळीला कळतं. ती खोल जाते. आमचं काय?” नवापूर, दांडी, मुरबे, सातपाटी ही गावे किनाऱ्याला बांधलेली आहेत, घर, ओटा, सुकत घालायची जागा, सगळे तिथे. होडी लांब नेता येते, गाव नेता येत नाही. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ मध्ये हे प्रदूषणाचे गाऱ्हाणे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात नेले, आणि २०२२ च्या जानेवारीत न्यायाधिकरणाने नुकसानभरपाईचा आदेश दिला. कायद्याची बाजू सांगायला आम्ही अधिकारी नाही. आम्हाला त्यात दिसते ते एवढेच की पाण्याचे नमुने, त्यांचे आकडे, वर्षामागून वर्षाच्या तारखा असा कागद तिथे समोर ठेवावा लागतो. कागदाला सवय होत नाही. दहा वर्षांपूर्वीचा आकडा आजही तेवढाच राहतो, काटा शून्यावर येत नाही.

आता आमच्या घरच्या प्रश्नाकडे येतो, नाहीतर म्हणाल मास्तर विषय विसरले. हा जीवाणू जाणतो का?

न्यायदर्शनात आत्म्याची लक्षणे दिली आहेत: इच्छा, द्वेष, प्रयत्न, सुख, दुःख आणि ज्ञान. यादीत द्वेष आहे, हे लक्षात घ्या. भाष्यकार वात्स्यायनांचा युक्तिवाद साधारण असा की, ज्या वस्तूने पूर्वी दुःख दिले ती पुन्हा दिसल्यावर टाळावीशी वाटते, तेव्हा पूर्वी भोगणारा आणि आता पाहणारा एकच असला पाहिजे. आठवण ठेवणारा कुणी एक टिकून राहतो, म्हणून द्वेष शक्य आहे. आमच्या प्राध्यापकीच्या काळात हा युक्तिवाद आम्हाला फार भक्कम वाटे. आता मिथिल गट मध्ये येतात. मघाचा क्षण टिकून आहे, आत्ताच्या क्षणाशी त्याची तुलना होते आहे, त्यावरून टाळाटाळ घडते आहे. आणि हे सगळे ‘कुणी एक’ न मानता पूर्ण सांगून होते. निदान या पातळीवर तरी टाळणे आणि आठवणे यांवरून आत्म्याचे अनुमान करता येत नाही, असे आम्हाला आता वाटते. नैयायिक उत्तर देतील की हा द्वेषच नाही, द्वेषाचे सोंग आहे. दुःख भोगल्याशिवाय द्वेष कसला? उत्तर चांगले आहे. पण मग सोंग कुठे संपते आणि खरे कुठे सुरू होते, ती रेघ दाखवण्याची जबाबदारी त्यांच्याकडे जाते. पॅरामीशियमपाशी? माशापाशी?

जैन परंपरेने एकेंद्रिय जीव मानले, ज्यांना फक्त स्पर्श आहे. जीवाणूकडे पाहिले की ही कल्पना आम्हाला भोळी वाटत नाही. रेणू येऊन ग्राहीला प्रत्यक्ष चिकटल्याशिवाय त्याला काहीच कळत नाही. वास, चव आणि स्पर्श हे त्याच्यापाशी अजून वेगळे झालेलेच नाहीत.

आम्ही स्वतः जीवाणूला ज्ञाता म्हणणार नाही. त्याच्यापाशी फरक आहे, पण फरक कशाचा ते नाही. निकेल आणि कोबाल्ट यांची त्याला एकच कोलांटी. आणि आपल्याला काटा शून्यावर आल्यावरही, वास येत नसतानाही, वास आहे असे म्हणता येते, विचारता येते. रिक्षावाल्याला आम्ही विचारल्यावर त्याने दोन-तीनदा नाकाने हवा ओढून पाहिली आणि म्हणाला, “असेल. बायको गावावरून आली की पहिले दोन दिवस तीपण बोलते.”

वेळ संपत आली आहे. एक चिठ्ठी आली आहे, तेवढे उत्तर देऊन थांबतो. बारावीच्या मुलीने विचारले आहे: जीवाणूंना औषधांची सवय होते ती अशीच का? नाही. चांगला प्रश्न आहे, कारण शब्द एकच असल्यामुळे घोटाळा होतो. आपण आज पाहिली ती सवय एकाच जीवाणूच्या आयुष्यात, सेकंदांत किंवा मिनिटांत होते आणि तितक्याच लवकर जाते. त्याची जनुके बदलत नाहीत, आणि विषाने होणारी इजाही कमी होत नाही. औषधाला न जुमानणे ही गोष्ट वेगळी. तिथे बहुतेक मरतात, ज्यांच्या जनुकांत आधीच काही बदल असतो किंवा दुसऱ्या जीवाणूकडून तसे जनुक मिळालेले असते ते उरतात, आणि त्यांची पिढी वाढते. पहिल्यात जीवाणू विष विसरतो, दुसऱ्यात विष त्याला मारेनासे होते. गोळ्यांचा कोर्स अर्धवट सोडावा की नाही, हे यावरून ठरवू नकोस, डॉक्टरांना विचार. पेंढ्याचा प्रयोग मात्र करून बघ, आणि मीठ टाकताना खरोखर एकच कण टाक.